मागे चालणाऱ्यांची निंदणी

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले एकदाची जळगावला. साक्रीहून एसटीनं धुळं, तिथून दुसरी गाडी, मग रिक्षा. मांडीवर वांग्यांची पिशवी. भरताच्या वांग्यांसाठी नावाजलेल्या जळगावला वांगी घेऊन येणारी मी पहिलीच म्हणून समाधान रिक्षातच हसत सुटला. हसू दे. पोरगं आईला घ्यायला स्टँडवर आलं, एवढं पुष्कळ.

माझं नाव द्रौपदाबाई. मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि समोरचं मशीन उतरवून घेतं. ही सोय सुनेनं, वृषालीनं करून दिली. म्हणाली, आई, दिवसभर तुमचं तोंड चालतं, त्याचं काहीतरी होऊ द्या. तारीख मशीन आपली आपणच घालतं. पहिल्यांदा मी अहिराणीत बोलले, तर त्यानं असं काही लिहिलं की वृषाली हसून खुर्चीवरून पडायची राहिली. म्हणून आता शाळेतल्या बाईसारखं बोलतेय.

घर छान आहे. दुसरा मजला, भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, खाली चिंचेचं झाड. मला बोलावलं ते काही प्रेमापोटी नाही, ते मला कळतं. वृषालीची आई सुंदरबाई, म्हणजे माझी विहीण, आतल्या खोलीत अंथरुणाला खिळून आहे. तिच्याजवळ बसायला माणूस हवा. वृषालीला घरबसल्या नोकरी लागली आहे, दवाखान्यांच्या बिलांचे कागद मशीनवर येतात ते तपासायचे. महिनाअखेरपर्यंत तिचं काम बघणार, मग कायम करायचं की काढायचं ते ठरणार. समाधान पाइपाच्या कारखान्यात रात्रपाळीला जातो आणि दिवसा झोपतो. तेव्हा उरले कोण? मी.

आणि हे मशीन. अगं बाई, काय त्याची चाल. बटण दाबून वृषाली चहा ठेवते. चहा उकळतो, गाळून होतो, पिऊन होतो, कप विसळून होतात, तेव्हा कुठे पडद्यावर उजेड पडतो. आमच्या गावचा म्हातारा सिंगा तलाठ्याकडे जातो तो याच्यापेक्षा लवकर परत येतो.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज मी जिवंत असल्याचं सिद्ध झालं. आमचे हे रस्त्याच्या गँगवर होते, त्यांच्या माघारी मला पेन्शन मिळते. विहीणबाईंचंही तसंच. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. गावाकडे त्यासाठी बँकेच्या ओट्यावर दिवस जायचा. इथे समाधाननं मित्राकडून एक लहानशी डबी आणली, वायरीनं मशीनला जोडली. तिच्यात लाल दिवा. त्यावर अंगठा ठेवायचा.

आधी विहीणबाईंचा घेतला. वायर लांब करून डबी त्यांच्या अंथरुणापाशी नेली. मग माझा. माझा काही उमटेना. शेतातलं तण निंदून निंदून अंगठ्याच्या रेघाच गेल्या आहेत. मी म्हटलं, एवढं तोंड चालतंय ते याला दिसत नाही का. शेवटी ओल्या फडक्यानं पुसून दाबून धरला, तेव्हा मशीननं मला जिवंत धरलं. मग गंमत म्हणून वृषालीनं आपला ठेवला, शेवटी समाधाननं. चौघंही जिवंत निघालो, डबी मशीनलाच राहिली. त्या आनंदात भरीत केलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

अंगठ्यांच्या दिवसापासून मशीन आणखीच बसलं आहे. उठायला फार वेळ घेतं म्हणून वृषाली तेव्हापासून ते रात्रीही बंद करत नाही. वृषालीला कचेरीतून फोन आला. काम पुन्हा मागे पडलं तर महिन्याची वाट बघणार नाही, असं त्यांनी ऐकवलं.

समाधाननं झोप मोडून मशीन उघडलं आणि आम्हा दोघींना समजावलं. पडद्यावर आपण एखादंच काम करतो, पण त्याच्यामागे गर्दी चालू असते. कुणी बोलावलेलं नसतं, दिसत नाहीत, पण मशीनचा जीव तेच खातात. मशीन चालू केलं की तेही आपोआप उठतात. त्यानं एक यादी उघडली. जो जास्त खातो त्याच्या ओळीचा रंग गडद. माऊस, म्हणजे तो हाताखालचा उंदीर, सरकवून त्या ओळीवर बाण नेऊन दाबायचं, मग खालचं बटण दाबायचं, की तो गेला. ज्यांच्यापुढे निळी खिडकी काढली आहे त्यांना हात लावायचा नाही, ते मशीनचे स्वतःचे. चुकून भलता गेला तरी घाबरायचं नाही, मशीन बंद करून चालू केलं की सगळे परत येतात.

मी म्हटलं, ही तर निंदणी. कपाशीत आम्ही काय वेगळं करायचो? ओळीत उभं ते पीक, ओळीबाहेरचं ते तण, उपटायचं, खत मग कपाशीला लागतं. तिला सकाळी वेळ नसतो. तेव्हा ती खुर्चीवर बसायच्या आधी निंदून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. ह्या वयात मजुरी लागली, तीही पंख्याखाली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मशीन पळायला लागलं. वृषालीनं शेवभाजी केली आणि पहिलं ताट मला वाढलं. यादीत अगदी खाली मला काही ओळी सापडल्या. त्यांच्यापुढे चित्र नाही, नुसता कोरा चौकोन. चारचारच्या झुबक्यानं बसलेल्या. कधी हलत नाहीत. गडद मात्र चांगल्याच. वृषालीला दाखवल्या. ती म्हणाली, नावाच्या जागी नुसते आकडे आहेत, काढा. मी अख्खा एक झुबका काढला. मशीन असं उसळलं, जसं दावं सुटलेलं वासरू.

दुपारभर मला जांभई आली नाही. कुणालाच आली नाही. मी आपली गंमत म्हणून सांगून ठेवते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

काल दुसऱ्या झुबक्यातली पहिली ओळ काढली होती. विहीणबाईंचा खोकला गेला. पहाटेपासून खॉक खॉक चालायचं, ते एकदम गप्प. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आज सकाळी मी त्यांना पाणी पाजत होते तर घोट आडवा गेला आणि त्या खोकल्याच नाहीत. तोंड निळं पडलं. पालथं करून पाठीत थापा मारल्या तेव्हा पाणी बाहेर आलं.

मग माझ्या डोक्यात आलं. चार ओळी. चार अंगठे. पहिला विहीणबाईंचा, दुसरा माझा, तिसरा वृषालीचा, चौथा समाधानचा.

करून बघितल्याशिवाय माझा स्वभाव ऐकत नाही. एका झुबक्यातली तिसरी ओळ काढली आणि वृषालीसमोर मेथी निवडत बसले. तिची पापणी लवेना. डोळे लाल झाले, पाणी यायला लागलं, तरी उघडेच. ती म्हणे, पडद्याकडे बघून होतंय. मी म्हटलं, होत असेल बाई. मेथी निवडून होईपर्यंत बघत बसले. वाईट आहे मी. पण तिनं मला आल्यापासून एकदाही विचारलं नव्हतं की तुमचे गुडघे कसे आहेत.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मला दोन दिवस भूक नाही. ताट समोर असतं, जेवायचं असतं हे आठवत नाही. आज वृषाली जवळ येऊन बसली. हातात डोळ्यांत घालायचे थेंब. ते मिनिटामिनिटाला घालत ती शांतपणे बोलली.

"आई, तुम्ही बोलता ते मशीन लिहून ठेवतं. मी रोज वाचते."

मला वाटायचं, बोललेलं मशीनच्या पोटात जातं. ज्याला वाचता येतं त्याला ते बाहेरून दिसतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मेथीचं वाचलं असणार. गुडघ्यांचंही. माझी भूक तिनंच काढली. फिटंफाट.

मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता मशीन बंद करून चालू कर. ती म्हणाली, नाही. आज कचेरीनं तिचं नाव घेऊन कौतुक केलं. सगळ्यात जलद काम तिचं. महिना संपू दे, मग बंद करू, सगळं परत येईल. तोवर ज्याच्यावाचून अडत नाही ते काढून ठेवू. हे ती अशा आवाजात म्हणाली, जसं माळ्यावरचं सामान आवरायचं आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

घाम गेला. स्वप्नं गेली. रडू गेलं, चौघांचंही. समाधानला सगळं सांगितलं. आधी हसला. मग आपल्या तळहाताकडे बघत राहिला. कारखान्यात भट्टीपाशी त्याला घाम आला नव्हता, चक्कर येऊन पडला होता. तो उठला आणि मशीनचं बटण दाबायला गेला. हात बटणावर ठेवला आणि तसाच थांबला.

त्यानं मागे वळून मला विचारलं, माय, बंद केल्यावर जे काढलेलं नाही ते पण बंद होईल. मशीन परत उठेपर्यंत आपलं काय?

मला चहा आठवला. उकळणारा, गाळणारा, कप विसळून होईपर्यंतचा.

त्यानं हात काढून घेतला. संध्याकाळी जाऊन इन्व्हर्टरला नवी बॅटरी घेऊन आला. लाइट गेली तरी मशीन बंद पडू नये म्हणून.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

मोठा म्हणावा असा आता एकच झुबका उरला आहे. सगळ्यात जाड, सगळ्यात गडद. त्याला मी हात लावला नव्हता. ते काय असणार हे सांगायला अक्षर लागत नाही.

आज मशीन पुन्हा अडलं. वृषालीच्या समोर कागदांचा ढीग साचला. मी विहीणबाईंना पेज भरवत होते. तिनं मला बाहेर बोलावलं. खुर्चीवर बसवलं. बाण त्या झुबक्यावर नेला आणि स्वतः बाजूला झाली.

"पहिली ओळ काढा, आई. माझ्या आईचं आता काय राहिलंय."

मी म्हटलं, तुझी आई आहे, तूच काढ. ती म्हणाली, माझ्यानं नाही होणार. तुम्हाला सवय आहे.

बोट माझंच होतं. खोटं कशाला बोलू. मनात हेही आलं की आता अंथरुणं धुवायला नकोत.

आत गेले तर विहीणबाई डोळे उघडून माझ्याकडे बघत होत्या. छाती हलत नव्हती. मग त्यांनी श्वास ओढला. आपणहून. जशी खोल विहिरीतून बादली ओढावी, तसा. सोडला. पुन्हा ओढला. त्यांना कळलं होतं. मी त्यांचा हात धरून बसले आणि म्हणत राहिले, घ्या विहीणबाई, घ्या. बाहेर वृषालीची बोटं टकटक चालू होती. मशीन वाऱ्यासारखं पळत होतं.

जेवणं झाल्यावर त्यांचा डोळा लागला.

सोमवार, २४ नोव्हेंबर

विहीणबाई गेल्याचं कळून शिरपूरहून माणसं आली. त्रिसरण झालं. घरातलं कुणी रडलं नाही. रडणं होतंच कुठे. वृषालीची मावसबहीण दिपमाला म्हणाली, वृषाली फार खंबीर. वृषाली थेंब घालत होती.

यादीत आता झुबके तीनतीनचे. विहीणबाईंच्या ओळी आपल्या आपण गेल्या. त्यामुळे पहिली ओळ आता माझी.

वृषालीनं आज विचारलं, आई, तुमचे गुडघे कसे आहेत.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आमचं ठरलं. समाधाननं ठरवलं. शनिवारी संध्याकाळी वृषालीचा निकाल हातात आला की तिघांनी मशीनसमोर बसायचं. जागं, शुद्धीत. एकमेकांचे हात धरून. मशीन बंद करायचं आणि ते उठेपर्यंत प्रत्येकानं आपापला श्वास हातानं ओढायचा. कुणाला झापड आली तर दुसऱ्यानं चिमटा काढायचा. मी म्हटलं, चिमटे काढायचं काम माझं. तो हसला. बऱ्याच दिवसांनी.

दोन दिवस. निभतील.

वृषाली मला फार जपते आहे. चहात साखर विचारते. मला तिची भीती वाटते.

वृषाली, हे पण वाच.

शनिवार, २९ नोव्हेंबर, सकाळ

समाधान पाळीवरून आला, पडल्या पडल्या झोपला. खाली नवल भंगारवाला ओरडतोय, झोप चाळवते आहे पोराची. आज त्याला झोप हवी. संध्याकाळी जागं राहायचं आहे. झोपमोडीचा एक बारीक झुबका उरला होता, मी परवा ओळखला, आवाजानं दचकून जाग येते ती. त्यातली शेवटची ओळ काढली. किती छान झोपलाय. लहानपणी असाच झोपायचा, तोंड उघडं ठेवून.

शनिवार, २९ नोव्हेंबर, दुपार

मी भाकरी थापत होते. एकदम छाती— थांबली. जसा कुणी पाण्याचा पाट तोडावा. मी ओढला. सोडला. ओढला.

बाहेर आले. वृषाली मशीनपाशी. वर बघेना. म्हणाली,

"फक्त संध्याकाळपर्यंत, आई. तुम्ही तशाही कमी झोपता."

शेवटचे कागद अडले होते म्हणे.

निकाल आला तिला— संध्याकाळऐवजी आत्ताच. कायम झाली. पेढे आणायला गेली— बाहेरून कडी लावून— म्हणाली, बोलत बसा मशीनशी, जाग राहील.

थांबा. ओढते.

समाधानला हलवलं. उठेना. गालावर मारलं. पाणी ओतलं. उठत नाही. जाग मी काढली त्याची. सकाळी. मीच. ती आता मशीन बंद करून चालू केल्यावरच— आणि बंद केलं तर तो झोपेतच— चहा होईपर्यंत— कप विसळून होईपर्यंत—

नाही. बंद नाही करणार.

तोच दिवस, दुपार

ऊन मांडीवर आलंय. भाकरी खाल्ली तव्यावरची. चूक केली. जेवल्यावर मला—

ओढला.

जांभई नाही ना. जांभई असती तर झोप येताना कळली असती. ती मी काढली. आता ती न सांगता येते. मघाशी आली. मान पडली— नाक टेबलावर आपटलं म्हणून—

समाधान आत झोपलाय. त्याचा श्वास ऐकू येतोय. आपोआप चाललाय. किती सोपं. मी कधी ऐकलंच नव्हतं.

कडी वाजली का? नाही. चिंच हलली.

तोच दिवस

वृषालीच्या ओळीवर दाबून बाण खालच्या बटणावर नेलाय. आता मधली ओळ तिची. खालचं बटण दाबलं की— बोट उंदरावर नाही टेकवलेलं. वर धरलंय. जागी आहे तोवर वर राहील. झोपले तर पडेल.

तू गाडीवर असशील बाई. पेढ्यांची पिशवी हँडलला. पापणी लवत नाही— श्वास ओढायचा असतो हे तुला कुणी— मी सांगितलंय. तू वाचतेस ना रोज. पण आता तू रस्त्यावर.

लवकर ये. माझ्यासाठी नको. तुझ्यासाठी ये.

ओढला. सोडला.

बोट जड झालं

तोच दिवस

समाधान. बेटा. माय शे आठे, इथंच. ऊठ ना रे—

लाल दिवा लागलाय डबीत. अंगठा ठेवते, थांब. दुसऱ्या हाताचा. बघ. बघ रे मशीन. मी जित्ती शे. मी जित्ती शे. ओढ— मी जित्